खंबाटकीच्या उतारावर शून्य

शिक्षक असलेले एक गिऱ्हाईक गॅरेजला आले तेव्हा त्यांच्या हातात बिलांची जाडजूड फाईल होती. प्लग बदललेले, एअर फिल्टर नवा, इंजेक्टर साफ केलेले, थ्रॉटल बॉडी धुतलेली. एका ठिकाणी तर ऑक्सिजन सेन्सरही नवीन टाकून दिला होता. एवढा खर्च होऊनही गाडी लिटरला तेराच्या वर अ‍ॅव्हरेज देईना. 1.2 लिटरची पेट्रोल हॅचबॅक, अजून जुनी झालेली नाही, आणि रोजचं जाणं-येणं सातारा ते खंडाळा (लोणावळ्याजवळचा नव्हे, खंबाटकी घाटापलीकडचा). म्हणजे गर्दीत रखडणं नाही, जवळपास सगळा हायवे. अशा गाडीने या रस्त्याला सतरा-अठरा तरी द्यायलाच हवेत.

"मिस्त्री, आता इंजिन खोलायचं तेवढं राहिलंय," सर म्हणाले.

मी आधी स्कॅनर लावला. फ्युएल ट्रिम दोन-तीन टक्क्यांच्या आत होतं. म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण जुळवायला गाडीच्या कॉम्प्युटरला काही खटपट करावी लागत नव्हती. एखादा सेन्सर खोटं सांगत असता किंवा इंजेक्टर गळत असता तर ते तिथेच दिसलं असतं. (एअर फिल्टरबद्दलही लोकांचा मोठा गैरसमज आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत तो तुंबला की पेट्रोल जास्त जायचं. आताच्या गाडीत हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो. पिकअप जातो, अ‍ॅव्हरेज फारसं जात नाही.) मग गाडी लिफ्टवर घेतली आणि चारही चाकं हाताने फिरवून पाहिली. एकही ब्रेक धरत नव्हता.

दोन गोष्टी मात्र नजरेत भरल्या. दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर हवा 33 लिहिलेली, आणि टायरमध्ये पुढे 26, मागे 24. आणि पुढचे ब्रेक पॅड एवढ्या रनिंगच्या मानाने फारच झिजलेले. हायवेला पळणाऱ्या गाडीचे पॅड असे लवकर जात नाहीत. पेट्रोल जाळून गाडीला वेग दिला आणि ब्रेक मारून तो मोडला, तर त्या पेट्रोलची चाकापाशी नुसती उष्णता होते. पॅडची झीज हा त्या खर्चाचा लेखी हिशेब असतो.

"सर, घरच्या कुणाला गाडी लागते का हो?" मी विचारलं.

सर चमकले. "आईला लागते. पण ती म्हणते एसटीत बसले तर लागत नाही, तुझ्याच गाडीत लागते."

मला जे समजायचं ते समजलं, पण तोंडाने सांगून ते कुणाला पटत नाही. रविवारी सकाळी तुमच्याबरोबर खंडाळ्यापर्यंत येतो, नेहमी चालवता तशीच चालवा, असं सांगितलं. टायरमध्ये मुद्दामच हवा भरली नाही.

रविवारी निघताना सरांनी दोन शंका काढल्या. पहिली इथेनॉलची. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे वीस टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत शेकडा सहा-सातचा फटका बसतो, हे खरं आहे. पण त्याने अठराचे सतरा होतात, तेरा होत नाहीत. दुसरी शंका जाहिरातीतल्या आकड्याची. तो आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेत रोलरवर गाडी चालवून काढतात. एसी बंद, वेग ठरलेला आणि कधीच 90 च्या वर नाही. दोन गाड्यांची तुलना करायला तो ठीक आहे, आपल्या रस्त्यावर तो मिळायचा नाही.

लिंब खिंड ओलांडली आणि सरांनी गाडी दाबली. काटा 110 वर. माझ्या मांडीवर स्कॅनर, त्यावर इंजेक्टर किती वेळ उघडा राहतो त्याचा आकडा. आनेवाडी टोलनाक्यानंतर उजव्या लेनला साठच्या वेगाने चाललेला ट्रक लांबूनच दिसत होता. सरांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर तसाच. ट्रकच्या मागे पोचेपर्यंत तसाच. मग करकचून ब्रेक, हॉर्न, डावीकडून वाट मिळताच चौथा गिअर आणि जोरात रेस. इंजेक्टरचा आकडा दुपटी-तिपटीने वर. पाचवडपर्यंत हेच, भुईंजला हेच, सुरूरपर्यंत हेच. ट्रक बदलत होते, पाय तोच होता. वाईट चालवत होते असं मी म्हणणार नाही. हात सफाईदार होता, सिग्नल देत होते. फक्त नजर पुढच्या गाडीच्या बंपरपलीकडे जात नव्हती.

खंबाटकीचा बोगदा संपला आणि उतार लागला. सरांनी क्लच दाबून गाडी न्यूट्रल केली.

"सर, आधी गिअरमध्ये घ्या."

माझा आवाज जरा चढलाच. खंबाटकीच्या बोगद्यापुढचं ते वळण अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे, आणि तिथे गाडी न्यूट्रलवर सोडायची म्हणजे इंजिनाचा अटकाव गेला, सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापले की पाय नुसता आत जातो, गाडी थांबत नाही. सरांनी तिसरा टाकला. उतार संपल्यावर म्हणाले, "माझ्या मामांनी शिकवलंय. ते ट्रकवर होते. उताराला पेट्रोल वाचतं."

कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्या म्हणण्यात तथ्य होतं, कारण गिअरमध्ये पाय काढला तरी फिरणारं इंजिन कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओढतच राहायचं. आताच्या गाडीत तसं होत नाही. खंडाळ्याला आम्ही आधी टायरमध्ये हवा भरून घेतली आणि माघारी फिरलो. येताना बोगदा नव्हता, जुना घाट चढायचा आणि वेळ्याच्या बाजूला उतरायचं होतं. उताराला लागल्यावर मी सरांना सांगितलं की तुम्ही रस्त्यावरच बघा, आकडा मी वाचतो. तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण काढा.

अडीच मिलिसेकंदांच्या आसपास असलेला इंजेक्टरचा आकडा एकदम पडला. "शून्य," मी म्हणालो.

"शून्य म्हणजे?"

"इंजेक्टर बंद. गाडी इंजिनाला फिरवतेय, पेट्रोलचा थेंबही जात नाही."

पुढची दोन-तीन वळणं मी तेवढंच म्हणत होतो. शून्य, शून्य. इंजिनाचे फेरे फारच खाली आले की इंजेक्टर पुन्हा सुरू होतो, ते वगळलं तर अख्खा उतार फुकटात. न्यूट्रलवर मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. सर काही बोलले नाहीत, पण घाट उतरल्यावर त्यांनी स्वतःहून विचारलं, "मग सपाटीवरही पाय काढला की शून्यच?"

हाच प्रश्न मला हवा होता. सुरूरपासून पुढे आम्ही तेवढंच केलं. वेग 80-85, टॉप गिअर. पुढे ट्रक दिसला की तिथूनच पाय काढायचा. ट्रकपाशी पोचेपर्यंत आपला वेग आपोआप त्याच्याएवढा होतो, बरेचदा तोवर तो बाजूलाही झालेला असतो. ब्रेकला हात लावायचा नाही असं नाही. गरज पडली तर बेधडक लावायचा. पण गरज पडू नये एवढं अंतर ठेवायचं. टोलनाक्याची छत्री दिसली की पाय वर. आणि वेग पुन्हा घेताना अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू नव्हे, पण बेताने दाबून लवकर वरच्या गिअरला जायचं. खालच्या गिअरमध्ये इंजिन ओरडत ठेवणं सगळ्यात महाग. 110 ला हवेचा अडथळा 80 च्या जवळपास दुप्पट होतो. तो वर्गाच्या पटीत वाढतो हे सरांना समजवावं लागलं नाही, गणिताचेच होते. टपावरचं रिकामं कॅरिअरही दिवाळीपासून तसंच होतं, ते साताऱ्यात पोचल्यावर काढून टाकलं. वेळेचा फरक पडला तो चार-पाच मिनिटांचा.

मीटरवरच्या अ‍ॅव्हरेजवर विसंबू नका, असं त्यांना सांगितलं होतं. एकाच पंपावर, पहिल्या ऑटो कटपर्यंत टाकी फुल करायची, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी तिथेच पुन्हा फुल करून भागाकार करायचा. एका टाकीवरून काही ठरत नाही, तीन-चार टाक्या लागतात. महिन्याभराने सर वही घेऊन आले. सतराच्या थोडं वर. आईला साताऱ्याहून खंडाळ्याला नेलं, उलटी झाली नाही, हे त्यांनी मला अ‍ॅव्हरेजच्या आधी सांगितलं. मला खरंच फार बरं वाटलं.

वहीत एक टाकी मात्र अकराची होती. उन्हाळ्याच्या सुट्टीतली. शाळा बंद, गाडी फक्त बाजाराला आणि मुलीला क्लासला सोडायला, दीड-दोन किलोमीटर. त्यात चालवण्याचा दोष नव्हता. थंड इंजिनाला कॉम्प्युटर जादा पेट्रोल पाजतो आणि एवढ्या अंतरात इंजिन नीट तापतच नाही. पाय कितीही हलका ठेवला तरी तिथे अ‍ॅव्हरेज मिळायचं नाही. सरांनी आकडा पुन्हा एकदा पाहिला, आणि क्लासला आता स्कूटर काढतो म्हणाले.