मुका मार, पण हाडाला

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे. श्रावणातल्या पावसात दगडी पायरीवर पाय घसरला आणि उजवा गुडघा सरळ कडेवर आपटला. एक्स-रे काढला. "फ्रॅक्चर नाही, मुका मार आहे," हे ऐकून घरात सगळे निर्धास्त झाले, मीही. चौथ्या दिवशी ओट्याशी उभी राहिले, तिथेच चुकलं.

तीन आठवड्यांनी डाग गेला, सूज उतरली, पण पाय टेकला की आत खोल कळ. रात्री कूस बदलली तरी जाग यायची. शेवटी एमआरआय काढला. हाडाच्या आतल्या जाळीदार भागात सूक्ष्म चिरा पडून रक्त आणि पाणी साचलं होतं. याला बोन ब्रूझ म्हणतात आणि एक्स-रेत तो दिसत नाही. आपण उगाच बाऊ करतोय की काय, असं मला वाटायला लागलं होतं. रिपोर्ट वाचून डोळे भरून आले.

ऑपरेशन नाही, प्लास्टर नाही. भार कमी ठेवायचा आणि हाडाला वेळ द्यायचा. काहींना आठवडे लागतात, काहींना महिने. काठी मी दुखऱ्या बाजूला धरत होते. फिजिओथेरपिस्टनी ती डाव्या हातात दिली: उजवा पाय पुढे टाकताना काठीही पुढे. पहिल्याच फेरीत कळ निम्मी झाली. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. दिवसभर चालणं झालं की बर्फ, पण पंच्यात गुंडाळून, पंधरा मिनिटंच.

शेजारच्या गुजराती मासी तेलाची वाटी घेऊन आल्या होत्या, चोळून द्यायला. हात जोडून नको म्हटलं. त्या रागावल्या नाहीत, महिनाभर रोज संध्याकाळी भाजी आणून दिली.

व्यायाम दिसायला अगदी साधा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा. मी मांडीवर तळहात ठेवून बघायची. सुरुवातीला भिजवलेल्या कणकेसारखी मऊ, हलायचंच नाही काही. बाराव्या दिवशी तळहाताखाली स्नायू टणक झालेला लागला. मी ओरडलेच, "अहो, इकडे या, हात लावून बघा!"

गणपतीची पूजा खुर्चीवर बसून केली. नवरात्रात गरबा कडेला बसून पाहिला. बडोद्यात राहून गरबा नुसता बघायचा, हे गुडघ्यापेक्षा जास्त दुखलं. मध्ये एकदा बरं वाटलं म्हणून बिनकाठीची मंडईत गेले, तर पुढचे चार दिवस पुन्हा पलंगावर. त्यानंतर चालणं रोज पाच-पाच मिनिटांनीच वाढवलं.

दिवाळीनंतर कमाटी बागेत बिनकाठीची एक फेरी झाली. मांडी घालून बसणं मात्र अजून जमत नाही. फरशी पुसायला लांब दांड्याचा मॉप आणलाय, आणि त्या पायरीला दोन्ही बाजूंनी कठडा बसवून घेतलाय.