पडायला जागा

झाड काढायचं म्हणून बोलावणं आलं की घरमालक मान वर करून शेंड्याकडे बोट दाखवतात आणि मी खालची फरशी बघत फिरतो. काहींना वाटतं, याचं लक्षच नाही. पण भाव खालीच असतो. मोठी फांदी सुटली तर कशावर येणार? शहाबादी फरशीवर, तुळशीवृंदावनावर, शेजाऱ्यांच्या सोलरच्या नळ्यांवर, की नुसत्या मातीवर? गावाकडे बांधावरची बाभूळ दोघं जण दुपारच्या भाकरीआधी आडवी करतात, कारण तिला पडायला अख्खं शिवार मोकळं असतं. तीच बाभूळ कोथरूडात दोन बंगल्यांमधल्या बोळात उभी असली की तिला पडूच द्यायचं नसतं. वरून तुकड्यातुकड्यानं, दोराला बांधून उतरवायची. तोडायचे पैसे थोडे, न पाडण्याचे जास्त.

माझा रोजचा धंदा बागकामाचा. बंगल्यांच्या बागा महिन्याच्या बोलीवर बघायच्या, कुंड्या भरायच्या, लॉन कापायचं. त्यात भाव सांगताना जीभ अडत नाही. शेणखताच्या गोणी, मजुराची हजेरी, आपला वेळ, झालं. झाड काढायचं असलं की मात्र आकडा तोंडातून बाहेर यायला वेळ लागतो आणि समोरच्याला तो लगेच हवा असतो, तोही फोनवर. "फोटो पाठवलाय बघा, अंदाजे सांगा ना." फोटोत झाड नेहमी एकटंच असतं. मागून गेलेली विजेची तार, अडीच फुटी फाटक, फांदीखाली लटकलेलं आग्या मोहोळ, यातलं काही फोटोत येत नाही. म्हणून फोनवर मी एवढंच विचारतो, "टेम्पो कुठपर्यंत येतो?" कापायला जेवढी माणसं लागतात, त्याहून जास्त फांद्या ओढत रस्त्यापर्यंत न्यायला लागतात.

"शेजारच्यांचा अशोक एवढाच उंच होता, त्याचे तर दोनच हजार झाले." हे वाक्य ठरलेलं. उंची डोळ्यांत भरते, घेर भरत नाही. उंची तीच राहून बुंध्याचा घेर दुप्पट झाला की लाकूड चौपट होतं, हा शाळेतलाच हिशोब, पण दारात उभं राहून गणित शिकवणाऱ्या माळ्याला कोण काम देणार? मी आपला बुंध्याला टेप लावतो, आकडा मोठ्यानं वाचतो आणि गप्प बसतो. त्या गप्प बसण्याचा बराच उपयोग होतो.

सगळ्यात फसवा नारळ. ना फांद्या, ना पसारा. लोकांना वाटतं, खांबच तर आहे. आंबा किंवा चिंच असली तर वरच्या बेचक्यातून दोर टाकता येतो, कापलेली फांदी त्याला लोंबकळत ठेवून हळूहळू खाली सोडता येते. नारळाला वर बेचकंच नाही. चढणारा पोरगा कमरेला पट्टा बांधून आधी झावळ्या आणि नारळाचे घड उतरवतो, मग शेंडा, आणि मग ज्या खोडाला धरून तो उभा आहे तेच खोड स्वतःच्या छातीसमोर कापत कापत खाली येतो. दर वेळी हात-दोन हातांचा ओंडका. तो ढकलला की खाली अंथरलेल्या जुन्या टायरांवर आणि वाळूच्या पोत्यांवरच पडला पाहिजे. नारळाच्या लाकडात वर्तुळं नसतात, नुसते धागे. त्यात मशीनच्या करवतीची साखळी भराभर बोथटते. मग वरून हाक येते, "कानस पाठवा!" आणि आम्ही बादलीत कानस घालून दोरानं वर पाठवतो. तेवढ्यात पोरगा बिडीही मागून घेतो, ती मी पाठवत नाही. खाली कारंजाची टाकी आणि गाडीची शेड असेल तर या एका खांबाला दिवस जातो. काकू गॅलरीतून सगळं बघतात आणि शेवटचा ओंडका पडला की म्हणतात, "एवढंच होतं होय!"

गुलमोहराची गोष्ट वेगळी. मादागास्करचं झाड, फुललं की गल्ली लाल करतं. पण मुळं वरच्यावर पसरतात, लाकूड ठिसूळ, आणि वळवाच्या वाऱ्यात आधी तोच आडवा होतो. एका सोसायटीत कोयत्याच्या पाठीनं असाच एक बुंधा ठोकून बघितला. आवाज ढोलासारखा आला. सेक्रेटरी खूश झाले. "म्हणजे आतून पोकळ आहे. मग निम्म्यातच होईल की!" पोकळ झाडाचा भाव दीडपट असतो हे त्यांना कसं सांगावं? ज्या फांदीवर माणूस उभा करायचा तिचाच भरवसा नाही, म्हणजे चढायचंच नाही. क्रेन लावून बाहेरून कापायचं. क्रेनचं भाडं ऐकल्यावर सेक्रेटरींनी विषय मीटिंगपुढे ठेवतो म्हणून सांगितलं.

"आणि लाकूड सगळं तुम्हालाच!" हे फार मोठ्या मनानं सांगितलं जातं. त्याबद्दल भावात सूट अपेक्षित असते. सागाच्या झाडाखाली उभा असताना हे वाक्य मी अजून ऐकलेलं नाही. सागाचे ओंडके मालक मोजून ठेवून घेतात. गुलमोहराला वखारवाला हात लावत नाही, शेवग्याचं तर सरपणही धड होत नाही. ओल्या लाकडाच्या वजनात बराचसा भाग पाण्याचाच असतो आणि ते पाणी वाहून न्यायचं भाडं छोटा हत्तीवाला माझ्याकडून रोख घेतो. वर असतं तोवर झाड आटोपशीर दिसतं. खाली आलं की त्याचा एवढा ढीग होतो की मालकांनाच प्रश्न पडतो, हे सगळं वर मावलं कसं. घंटागाडीवाला त्यातली काडी उचलत नाही. बुंध्याचं वेगळं बोलावं लागतं. सुबाभळीचा बुंधा नुसता जमिनीसरशी कापून ठेवला तर पहिल्या पावसात त्याला झुपका फुटतो आणि मला फोन येतो.

परवानगी हा भावातला न दिसणारा भाग. शहरात स्वतःच्या आवारातलं झाडही परस्पर तोडता येत नाही. त्यासाठी 1975 चा कायदा आहे, महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज करायचा असतो, वृक्ष प्राधिकरण असतं. 2021 च्या दुरुस्तीपासून झाडाच्या वयाला फारच महत्त्व आलं. 50 वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडायची परवानगी मिळाली तर तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची. तेव्हापासून पुण्यातली झाडं एकाएकी तरुण झालीत. चहा पिताना जे झाड "आमच्या आजोबांनी लावलेलं" असतं, ते अर्ज भरायला बसल्यावर "असेल दहा-बारा वर्षांचं" होतं.

खरं तर बरीच झाडं काढायची गरजच नसते. पाला पडतो, ऊन येत नाही, गाडीवर पक्षी घाण करतात, या सगळ्याला छाटणी पुरते. छाटणीत मला कमी मिळतात, पण उभं झाड दोन-तीन वर्षांनी पुन्हा काम देतं. हा स्वार्थ आहे आणि तो मी लपवत नाही. अशा ठिकाणी मी तोडायचा भाव मुद्दाम चढा सांगतो, छाटणीचा पडता. बहुतेक जण मुकाट छाटणीवर येतात.

गेल्या उन्हाळ्यात एका साहेबांकडे परसातल्या रायवळ आंब्याला असाच भाव लावला, मलाच सांगताना लाज वाटावी असा. झाड ठणठणीत, वर कावळ्याचं घरटं, खाली स्वयंपाकघराच्या पत्र्यावर जेमतेम एक फांदी आलेली. साहेबांनी घासाघीस केली नाही. म्हणाले, "ठीक आहे. कधी येताय?"

मी परवानगीचा कागद पुढे केला. म्हटलं, आधी तो आणा, मग बघू. त्यांनी खरोखरच अर्ज केला. वयाच्या रकान्यात काय लिहिलंत, असं मी सहज विचारलं.

"साठ. वडिलांनी बंगला बांधला त्या वर्षी लावलाय. खोटं कशाला लिहू?"

त्या आकड्यामुळे अर्ज आता बराच काळ फिरणार, हे मी त्यांना सांगून टाकलं. त्यांना घाई नाही. तेवढ्यात त्यांनी साठ रोपं लावून द्यायचा भावही माझ्याकडून मागितलाय, खड्डे, खत आणि काठ्यांसकट. मी म्हटलं, आधी जागा दाखवा.