लांब शॉकअप बसवताना वाढलेले मिलिमीटर कुठे जातात

एटीव्हीला पुढे लांब शॉकअप घेताना पहिला हिशोब बहुतेकांचा चुकतो. 25 मिमी लांब शॉकअप म्हणजे गाडी 25 मिमी उंच, असं धरलं जातं. पण शॉकअपचं खालचं टोक चाकापाशी नसतं, आर्मच्या अधेमधे असतं. समजा, पुढे दुहेरी आर्म आहेत. खालचा आर्म पिव्हटपासून (चेसीकडच्या बिजागरीपासून) बॉल जॉइंटपर्यंत (हबकडच्या गोल सांध्यापर्यंत) 400 मिमी आणि शॉकअपचा बोल्ट पिव्हटपासून 240 मिमीवर, म्हणजे गुणोत्तर 0.6. त्यात शॉकअप 20 अंश कललेला असला तर उरतं 0.56. आता 25 भागिले 0.56 करा: चाक जवळजवळ 45 मिमी खाली लटकतं.

दुसरं माप दाबलेल्या लांबीचं. पूर्ण लांबीतून स्ट्रोक, म्हणजे शॉकअप जेवढा दाबला जातो ते अंतर, वजा केला की ती मिळते. जुना शॉकअप 380 मिमी आणि स्ट्रोक 100, तर दाबल्यावर 280. नवा 405 आणि स्ट्रोक 115, तर दाबल्यावर 290. म्हणजे चाक वर जाताना सुमारे 18 मिमी आधीच अडणार. खाली 45 मिळाले, वर 18 गेले, चाकाच्या एकूण हालचालीत निव्वळ फायदा 27 मिमीचा. उलट नव्याची दाबलेली लांबी जुन्यापेक्षा कमी असेल तर टायर मडगार्डला किंवा आर्म चेसीला जाऊन आदळतो. ही दोन्ही मापं विक्रेत्याकडून लेखी घ्या.

बसवताना जॅक चेसीखाली लावा, आर्मखाली नको. गाडी स्टँडवर टेकवा, पुढची दोन्ही चाकं काढा. बोल्ट काढण्याआधी आर्मखाली लाकडी ठोकळा द्या, नाहीतर हबचं सगळं वजन ब्रेकच्या होजवर येतं. नवा शॉकअप आधी स्प्रिंग काढून बसवा. एवढा कंटाळा कुणी करू नये, कारण स्प्रिंग नसली की आर्म हाताने तळापासून माथ्यापर्यंत हलवून सगळं तपासता येतं.

आर्म पूर्ण खाली लटकलेला असताना बॉल जॉइंट बघा, बहुधा वरचा आधी अडतो. हब हाताने डोलवून बघा. पिन तिच्या वाटीच्या कडेला टेकली असेल तर हब एकदम ताठ लागतो. असा टेकलेला जॉइंट प्रत्येक उडीत पिनवर पहारीसारखा जोर घेतो आणि एक दिवस पिन तुटते. तिथेच हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. ब्रेक होज ताणला जातो का, टाय रॉडचं टोक अडतं का, शॉकअपचं अंग वरच्या आर्मला घासतं का, सगळं पाहा. फोर बाय फोर असेल तर अ‍ॅक्सल हाताने फिरवा. सीव्ही जॉइंट (अ‍ॅक्सलचा वळणारा सांधा) कटकट करत असेल तर कोन जास्त झालाय. जॉइंट अडत असेल तर आर्मला पट्टा बांधून लटकणं थांबवा, किंवा शॉकअप दुरुस्त करणाऱ्याकडून आत स्पेसर टाकून घ्या. नायट्रोजन भरलेला शॉकअप घरी उघडायचा नाही.

शॉकअपच्या टोकातल्या बुशच्या बाहीचं (आतल्या धातूच्या नळीचं) भोक बोल्टला नेमकं बसलं पाहिजे. 12 मिमीच्या बाहीत 10 मिमीचा बोल्ट घातला की ठोकून ठोकून ब्रॅकेटचं भोक लांबट होतं. बाही ब्रॅकेटपेक्षा अरुंद असेल तर नट आवळून ब्रॅकेट चिमटू नका, योग्य जाडीचे वॉशर घाला. रबरी बुश असतील तर बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर टेकल्यावर. हवेत आवळला तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. किती आवळायचा, ते मॅन्युअलमध्ये बघून टॉर्क पान्याने.

मग कॉलर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणारी आट्यांची रिंग. ती आवळून प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा दाब) वाढवला की स्प्रिंग कडक होते, हा समज गॅरेजमध्ये फार पसरलाय. स्प्रिंग तीच राहते, गाडी फक्त वर येते. चाकापाशी स्प्रिंगचा जोर गुणोत्तराच्या वर्गाने ठरतो: 0.56 चा वर्ग 0.31, म्हणजे 2 किलो प्रति मिमीची स्प्रिंग चाकाला 0.62 किलोचीच लागते. स्वार बसल्यावर चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण 30 टक्के गाडी खाली बसावी. आपल्या उदाहरणात एकूण हालचाल 205 मिमी, म्हणजे 60 मिमीच्या आसपास. तेवढी बसवायला कॉलर टोकापर्यंत नेऊन आवळावी लागत असेल तर स्प्रिंगच बदला.

उंची बदलली की टाय रॉडचा कोन बदलतो आणि टो, म्हणजे पुढची चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप, बिघडतो. स्वार बसवून, हबच्या उंचीवर दोन्ही टायरमधलं पुढचं आणि मागचं अंतर मोजा आणि मॅन्युअलप्रमाणे जुळवा. फक्त पुढून 45 मिमी उचललेली, 1230 मिमी व्हीलबेसची गाडी सुमारे 2 अंश मागे कलते. कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कललेला कोन) वाढून हँडल जड होतं, चढावर पुढची चाकं हलकी होतात. उतारावर आडवं जाताना उंच गाडी आधी कलंडते. म्हणून मागेही उंची जुळवा, नाहीतर पुढची खाली घ्या.

पहिल्या तासाभराच्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा तपासा आणि ब्रेक होज बोटाने चाचपा. घासल्याची चकाकी दिसली तर क्लॅम्प सरकवा. कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालत असेल तर कॉलरच्या आट्यांमधली वाळू आणि मीठ त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. एकदा आटे धरले की कॉलर फिरत नाही.