सावलीत वाढलेला चहा

क्योतो, नोव्हेंबर

थंडी आता चांगलीच जाणवू लागली आहे, म्हणून आज माचासाठी, म्हणजे हिरव्या चहाची पूड पाण्यात घुसळून केलेल्या जपानी चहासाठी, खोल वाडगा वापरायला काढला. उन्हाळ्यात इथे पसरट वाडगा घेतात आणि हिवाळ्यात खोल, कारण खोल वाडग्यात चहाची ऊब अधिक वेळ टिकते. चहाच्या परंपरेत या महिन्याला वर्षारंभाचा मान आहे. मे महिन्याच्या सुमारास खुडून तयार केलेली पाने मातीच्या बरणीत बंद करून उन्हाळाभर ठेवतात, नोव्हेंबरात बरणीचे तोंड उघडतात आणि मगच ती पाने दळतात.

या चहाची गोडी करणाऱ्याच्या हातात फार थोडी असते, असे मला दिवसेंदिवस अधिक पटू लागले आहे. ती मळ्यातच ठरलेली असते. इथून जवळच असलेल्या उजी शहराच्या परिसरात खुडणीपूर्वी तीनेक आठवडे झुडपांवर आच्छादन घालतात. पूर्वी बोरूच्या चटया आणि त्यांवर भाताचा पेंढा पसरत असत, आता बहुतेक ठिकाणी काळी जाळी असते. चहाच्या मुळांत तयार होऊन पानांत येणाऱ्या थिआनिन या गोडवा देणाऱ्या घटकाचे भरपूर उन्हात तुरट कॅटेचिनमध्ये रूपांतर होते. सावलीत ते रूपांतर मंदावते, म्हणून पानात तो मऊ, भरीव गोडवा शिल्लक राहतो, आणि कमी प्रकाशात तग धरण्यासाठी झुडूप हरितद्रव्य वाढवते, म्हणून रंग इतका गडद होतो. खुडलेली पाने लगेच वाफवतात, न वळता वाळवतात, देठ व शिरा काढून टाकतात. उरलेल्या तेन्चा नावाच्या पानाचे दगडी जात्यावर पीठ होते. हे जाते आपल्या जात्याचेच भावंड वाटते, परंतु त्यातून तासाभरात जेमतेम ४० ग्रॅम पूड पडते, कारण वेग वाढवला की दगड तापतो आणि सुगंध जातो.

चहा पुडीच्या रूपात घुसळण्याची रीत चीनमधली. ११९१ मध्ये तिथून परतलेल्या एइसाई या बौद्ध भिक्षूमुळे ती जपानमध्ये रुजली, असे मानतात. हा चहा गाळला जात नाही. सबंध पानच पोटात जात असल्यामुळे त्याचा गुण आणि दोष दोन्ही जिभेला लगेच कळतात.

माझे काम एवढेच की मळ्यात साधलेले बिघडू द्यायचे नाही. वाडगा गरम पाण्याने विसळून कोरडा पुसायचा, चासेन, म्हणजे बांबूची घुसळणी, त्याच पाण्यात भिजवून त्याचे तंतू मऊ करायचे, दोन ग्रॅम पूड बारीक चाळणीतून चाळून घ्यायची. चाळण्याचा कंटाळा कधीही करू नये, नाहीतर गुठळ्या शेवटच्या घोटापर्यंत राहतात. मग ८० अंशांच्या आसपासचे सुमारे ७० मिलिलिटर पाणी. आले घालून खळखळ उकळलेल्या चहावर वाढलेल्या माणसाला हा संयम शिकावा लागतो, पण उकळते पाणी या पुडीतला कडवटपणाच पुढे आणते. चासेन गोल फिरवायचा नाही. मनगट सैल ठेवून भराभर पुढे-मागे हलवायचा. जपानी चहाविधीच्या उरासेन्के परंपरेत पृष्ठभागभर फेस आणतात, ओमोतेसेन्केमध्ये थोडा भाग मोकळा सोडतात. मला दुसरी रीत अधिक आवडते, कारण तिथे चहाचा खरा रंग दिसतो.

गोड पदार्थ चहाबरोबर नव्हे, आधी खाऊन संपवायचा. आज घेवड्याच्या गोड सारणाचा लहानसा गोळा होता. तो खाऊन झाल्यावर, वाडग्याची दर्शनी बाजू ओठांना लागू नये म्हणून तो किंचित फिरवून पहिला घोट घेतला, तेव्हा कडवट चव त्या गोडव्यावर अलगद पसरली आणि मागाहून समुद्री शेवाळाची आठवण करून देणारा तो दाट स्वाद आला. चांगल्या माचात दूध-साखर घालणे मला मनापासून पटत नाही, कारण तीन आठवड्यांच्या सावलीने मिळवलेले सारे त्यात बुडून जाते.

उघडलेल्या डब्यातली पूड हवा आणि उजेड लागून लवकर फिकी पडते, म्हणून मी नेहमी लहान डबाच आणते. यातली थोडी रविवारच्या कोइचासाठी, म्हणजे दाट माचासाठी, राखून ठेवली आहे. त्यात पूड दुप्पट आणि पाणी निम्मे असते, आणि चहा घुसळत नाहीत, हळूहळू मळतात. एवढ्या दाटपणात तुरटपणा मुळीच लपत नाही, तेव्हा या पुडीची पारख त्या दिवशी होईल.