आमची वाटचाल : बसमधून उतरल्यावर पहिलं काय दिसतं

आमची टूर कंपनी म्हणजे चार माणसं, मी, माझा भाऊ आणि ग्रुपसोबत जाणारे दोघं. वीसच्या वर माणसं एका टूरला घेत नाही. सुरुवात केली तेव्हा डोक्यात साधं गणित होतं, जास्तीत जास्त ठिकाणं दाखवायची, वेळेवर न्यायचं, वेळेवर आणायचं, हॉटेल स्वच्छ असलं की लोक खूश. पहिली दोन वर्षं तसंच केलं, आणि तरी परत आल्यावर फीडबॅकचे फॉर्म वाचताना कोड्यात पडायचे, कारण एकाच बसमधून फिरलेले, एकाच हॉटेलात राहिलेले दोघं जण एकाच शहराबद्दल पार उलटसुलट लिहायचे, एकाला तिथून निघवत नव्हतं आणि दुसऱ्याचं म्हणणं, एवढं काय आहे त्यात.

व्हेनिसचा प्रसंग अजून डोळ्यासमोर आहे. तेव्हा आम्ही ग्रुपला बसने न्यायचो. बस थांबते ती शहराच्या कडेला, ट्रोन्केटो नावाच्या बेटावरच्या पार्किंगमध्ये. सगळीकडे काँक्रीट, बसेसची रांग, गाड्यांचा धूर, उन्हात उभे असलेले दुसरे ग्रुप. आमच्यात एक काकू होत्या, रिटायर झालेल्या, बुकिंग केल्यापासून फोनवर फक्त व्हेनिसबद्दल विचारायच्या. त्या उतरल्या, पर्स छातीशी धरून एकदा सगळीकडे बघितलं आणि हळूच मला म्हणाल्या, "अगं, हेच का ते?" मी म्हटलं नाही काकू, अजून बोटीने जायचंय पुढे. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा काही खुलला नाही, नंतर ग्रँड कॅनॉल म्हणजे शहरातला मुख्य कालवा बघितला, सेंट मार्कचा चौक बघितला, सगळं बघितलं, फॉर्मवर दोन शब्द लिहिले, "ठीक होतं". ते दोन शब्द मला फार लागले.

पुढच्याच टूरला टुरिझम शिकवणारे एक सर आले होते. त्यांना मी हे सांगितलं तर त्यांनी पहिलं विचारलं, "काकूंच्या मनात व्हेनिस कुठून आलं होतं?" मग त्यांनी समजावून सांगितलं आणि तिथून आमची गाडी वेगळ्या रस्त्याला लागली. क्लेअर गन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1972 मध्येच मांडलंय की माणसाच्या मनात एखाद्या जागेचं चित्र दोन वाटांनी तयार होतं. एक आपोआप, म्हणजे शाळेचं पुस्तक, बातम्या, सिनेमे, मावशीने येऊन सांगितलेल्या गोष्टी. दुसरं मुद्दाम तयार केलेलं, म्हणजे जाहिराती, ब्रोशर, आमच्यासारख्यांनी टाकलेले फोटो. माणूस प्रत्यक्ष जातो तेव्हा ही दोन्ही चित्रं सोबत घेऊन जातो आणि समोर दिसेल ते त्यांच्याशी जुळवत राहतो. सरांनी अजून एक सांगितलं, 1979 मध्ये जेम्स क्रॉम्प्टन या अभ्यासकाने अमेरिकेतल्या वेगवेगळ्या राज्यांतल्या विद्यार्थ्यांना मेक्सिकोबद्दल विचारलं होतं, तर जे जास्त लांब राहत होते त्यांच्या मनातलं चित्र जास्त चांगलं निघालं. हे ऐकल्यावर मला वाटलं, लांबच्या टूरला आपण जास्तच जपायला हवं.

घरी येऊन मी आमचं ब्रोशर काढलं. व्हेनिसच्या पानावर पहाटेचा फोटो, एकही माणूस नाही, पाणी आरशासारखं. आणि आम्ही ग्रुप न्यायचो भर दुपारी, एक दिवसासाठी आलेल्यांची गर्दी सगळ्यात जास्त असते तेव्हा. म्हणजे काकूंच्या मनातलं अर्धं चित्र आम्हीच काढलं होतं आणि मोडलंही आम्हीच. तो फोटो त्याच आठवड्यात ब्रोशरमधून काढून टाकला.

मग व्हेनिसला ट्रेनने न्यायला सुरुवात केली. सांता लुचिया स्टेशनच्या दारातून बाहेर आलं की पायऱ्या आणि पायऱ्यांच्या समोर थेट ग्रँड कॅनॉल, मध्ये रस्ता नाही, गाडी नाही, काही नाही. दुपार उलटल्यावर पोहोचतो आणि रात्री तिथेच राहतो, कारण संध्याकाळी दिवसभराची गर्दी ओसरते. या पायऱ्यांवर लोक जे थबकतात ना, बॅगा तशाच सोडून, मी दरवेळी मागे उभी राहून तेच बघते.

दुसरा मोठा बदल फॉर्ममध्ये केला. आधी आम्ही बुकिंगच्या वेळी टिक मारायचे चौकोन द्यायचो, समुद्र आवडतो का, म्युझियम आवडतं का वगैरे. कॅनडातले एक्टनर आणि रिची या दोघा अभ्यासकांनी 1993 मध्ये दाखवलं होतं की नुसत्या ठरलेल्या यादीतून जागेचं चित्र पुरतं हाती लागत नाही, मोकळे प्रश्नही विचारावे लागतात. त्यांचे प्रश्न आम्ही आपल्या भाषेत घेतले. या जागेचं नाव घेतलं की डोळ्यासमोर काय येतं? तिथे गेल्यावर वातावरण कसं असेल असं वाटतं? आणि तिथलंच असं खास काय माहितीय? बस, तीन प्रश्न आणि खाली भरपूर कोरी जागा. लोक पानं भरून लिहितात हो, कोणी तर मागच्या बाजूलाही.

पॅरिसच्या टूरला जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर मोनालिसा असते. आणि तिच्यासमोर गेल्यावर ठरलेलं वाक्य, "एवढीशीच?" चित्र फक्त 77 बाय 53 सेंटीमीटर आहे, काचेमागे, समोर हात वर करून मोबाईल धरलेली गर्दी. आता आम्ही आदल्या संध्याकाळी तेवढ्या मापाचा कागद कापून सगळ्यांच्या हातात देतो. लोक तो छातीशी धरून बघतात, एकमेकांना दाखवतात, आणि मनातलं माप तिथेच बदलतं. मग दुसऱ्या दिवशी म्युझियममधल्या तिच्या दालनात गेल्यावर आमचा माणूस सांगतो, आता मागे वळा. मागच्या भिंतीवर व्हेरोनेझे या इटालियन चित्रकाराचं लग्नाच्या मेजवानीचं चित्र आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद, आणि बहुतेक गर्दीची त्याच्याकडे पाठच असते. ज्याच्याबद्दल मनात काहीच नव्हतं ते समोर आलं की माणसाचा आवाज बदलतो, हे मी तिथे कितीदा तरी ऐकलंय.

माहिती आणि भावना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही उशिरा कळलं. रसेल आणि प्रॅट या अभ्यासकांनी 1980 मध्ये जागेबद्दलच्या भावना दोन रेषांवर मांडल्या, एक सुखद की त्रासदायक, दुसरी अंगात उत्साह आणणारी की सुस्तावणारी. म्हणजे शांत तळं आणि गजबजलेला चौक दोन्ही आवडू शकतात पण आवडण्याची जात वेगळी. फॉर्मवर कोणी "निवांत" लिहिलं असेल आणि आम्ही त्याला दिवसात सहा ठिकाणं पळवलं, तर ठिकाणं कितीही सुंदर असोत, तो दमून आणि चिडूनच परत येणार. म्हणून आता दिवसाला दोनच ठिकाणं, उरलेला वेळ ज्याचा त्याला.

शेवटच्या दिवसाचा धडा मात्र महागात पडला. एका टूरला शेवटच्या रात्री एअरपोर्टजवळच्या हॉटेलात खोल्या तयार नव्हत्या, ग्रुप दोन तास लॉबीत बॅगांवर बसून. आधीचे आठ दिवस उत्तम गेले होते आणि फॉर्मवर फक्त लॉबी. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांचा 1993 चा प्रयोग मला नंतर समजला. लोकांनी एकदा 14 अंशाच्या थंड पाण्यात हात 60 सेकंद ठेवला, दुसऱ्यांदा तेवढाच आणि वर अजून 30 सेकंद, फक्त त्या वेळात पाणी हळूहळू 15 अंशावर आणलं. पुन्हा कुठलं करणार विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचं निवडलं, कारण शेवट जरा बरा होता. आता शेवटच्या संध्याकाळी आम्ही कुठलाही कार्यक्रम ठेवत नाही, एखादी पाण्याकाठची किंवा उंचावरची जागा बघतो आणि सगळे नुसते बसतो, अंधार पडेपर्यंत.

गेल्या वर्षी त्याच काकूंचा फोन आला, व्हेनिस परत करायचंय म्हणाल्या. मी त्यांना नवा फॉर्म पाठवला. डोळ्यासमोर काय येतं, या प्रश्नाखाली त्यांनी लिहिलं होतं, "पार्किंग. पण तुझी भाची म्हणते स्टेशनवरून वेगळं दिसतं." भाची गेल्या टूरला आमच्यासोबत होती. काकूंचं तिकीट मी स्वतः ट्रेनचं काढलं आणि त्या दिवशी पायऱ्यांवर त्यांच्या बॅगा माझ्या हातात होत्या.