दुसऱ्याचं लायसन्स आणि मीन रास

शुक्रवारी रात्री पावणेअकराला भाच्याचा फोन म्हणजे एकतर गाडी बंद पडलेली असते नाहीतर पैसे संपलेले असतात, म्हणून मी आधी जीपे उघडलं आणि मग फोन उचलला. तर पलीकडून एकदम बारीक आवाज, "मामा, झोपलास का? ...आईला सांगू नको हं."

हे वाक्य ऐकलं की झोप उडतेच.

भाच्याचं खरं नाव लिहीत नाही, तसा शब्द दिलाय, बंड्या म्हणू. वय १९, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. वर्गातल्या कोणाचातरी बर्थडे होता, सहाजण पुण्यातल्या कोरेगाव पार्कच्या एका क्लबमधे चालले होते (नाव लिहीत नाही, त्यांची काही चूक नाहीये खरं तर). आता आपल्या महाराष्ट्रात बीअर आणि वाइनला वय लागतं २१ आणि बाकी हार्ड ड्रिंकला २५. म्हणजे बंड्या दोन्हीत बसत नाही. म्हणून या पठ्ठ्याने चुलत भावाचं ड्रायव्हिंग लायसन्स मागून घेतलं. भाऊ २६ वर्षांचा, नाक डिट्टो तसंच, आणि लायसन्सवरचे फोटो तर तुम्हाला माहितीच आहेत, त्यात आमच्या घरातला कुठलाही पुरुष खपून जाईल.

दारात बाउन्सरने कार्ड घेतलं, टॉर्च मारला, जन्मतारीख विचारली. बंड्याने पाठ केलेली, घडाघडा सांगितली, नोव्हेंबर ९९. पिनकोड विचारला, तोही सांगितला. मग बाउन्सर म्हणाला, रास कोणती? आणि इथे बंड्याने खरं उत्तर दिलं. "मीन."

कारण बंड्याची काकू, म्हणजे त्या भावाची आई, गेली दोन-तीन वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत एकच सांगतीये की मीनेला साडेसाती आहे म्हणून त्याचं कुठे जमत नाहीये. पत्रिकेतली रास चंद्रावरून असते, ती मीन, शंभर टक्के बरोबर. पण बाउन्सर विचारत होता पेपरात येते ती, तारखेवरून. नोव्हेंबरवाला मीन कसा काय बाबा? मग त्याने मोबाइलवरचं डिजिलॉकर, म्हणजे सरकारी कागद ठेवायचं अ‍ॅप, उघडायला सांगितलं आणि खेळ खल्लास. त्यात स्वतःचंच नाव येणार ना.

मी सिंहगड रोडवरून तिथे पोचेपर्यंत साडेअकरा वाजून गेले. बाकीच्या पाचांपैकी चार आत गेले होते, म्हणजे त्यांची कार्डं चालली, आणि एकही बाहेर येऊन बघून गेला नाही. बंड्या बाहेर कठड्यावर बसलेला, शर्ट इस्त्रीचा, तोंड एवढंसं. मला वाटलं होतं गेल्या गेल्या झापायचं पण बघून झापावंसंच वाटेना.

मॅनेजर तिशीतला मुलगा होता, मराठीच. मी सुरुवात केली की अहो लहान आहे, जाऊ द्या, तर तो शांतपणे म्हणाला, "सर, लहान आहे म्हणूनच प्रॉब्लेम आहे." मग त्याने जे सांगितलं ते ऐकून मीच गप्प झालो. २०२४ च्या मे मधलं कल्याणीनगरचं पोर्शे प्रकरण आठवत असेल. १७ वर्षांचा मुलगा, बारावी झाल्याची पार्टी, आधी पबमधे प्यायला आणि मग रात्री अडीचच्या सुमाराला गाडीखाली दोन इंजिनिअर गेले, दोघं चोवीस वर्षांची. आपण सगळे जामिनासाठी लिहायला लावलेल्या त्या ३०० शब्दांच्या निबंधावर आणि बदललेल्या ब्लड सॅम्पलवर बोलत बसलो, आणि बरोबरच होतं ते, पण ज्या दोन ठिकाणी त्याला दारू मिळाली तिथले मालक आणि मॅनेजर पण अटक झाले होते हे आपण विसरलो. क्लबवाले नाही विसरले. १८ च्या आतल्या मुलाला दारू दिली तर ज्युव्हेनाईल जस्टिस कायद्याच्या ७७ कलमात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. "दारात उभा असलेला माझा बाउन्सर महिन्याला किती कमावतो सांगू का तुम्हाला?" असं विचारलं त्याने. मी नको म्हणलं.

बंड्या १९ चा, म्हणजे ते कलम त्याला लागत नाही, पण कार्ड जर दुसऱ्याचंच असेल तर आतला मुलगा १९ चा का १६ चा हे दारातल्या माणसाने ओळखायचं कसं?

पोलीस नाही बोलवले. एका रजिस्टरमधे लिहून घेतलं, फोटो काढला, आणि बंड्याच्या म्हणण्यानुसार तो फोटो आसपासच्या बाउन्सर लोकांच्या ग्रुपवर गेला. लायसन्स मात्र दिलं नाही, ज्याचं आहे त्याने स्वतः येऊन न्यायचं, मामा चालणार नाही.

रविवारी माझा एक वकील मित्र चहाला आला होता, त्याला सहज विचारतोय असं दाखवून विचारलं (त्याला लगेच कळलं, वकील आहे शेवटी). तो म्हणाला, दुसऱ्याचं कार्ड दाखवून मी तोच आहे असं सांगणं म्हणजे तोतयेगिरी, जुन्या आयपीसीत ४१९ कलम होतं, तीन वर्षांपर्यंत. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली त्यात ते ३१९ झालं आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत. आता क्लबच्या दारातल्या पोराला कोणी पाच वर्षं आत टाकत नाही हे त्यालाही माहीत आहे, मलाही. पण त्याने जे पुढे सांगितलं ते माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

१८ च्या आत असशील तर लॉकअप नाही, ज्युव्हेनाईल जस्टिस बोर्डासमोर जायचं, आणि नंतर ते रेकॉर्ड नष्ट करायची तरतूद कायद्यातच आहे. १८ पूर्ण झालं की यातलं काही नाही. म्हणजे १८ ते २१ या तीन वर्षांत आपली पोरं बारसाठी लहान आणि पोलीस स्टेशनसाठी मोठी. मतदान करा, गाडी चालवा, मुलगी असेल तर लग्न करा, बीअर पिऊ नका, आणि पिण्यासाठी खोटं बोललात तर थेट मोठ्या माणसांच्या कोर्टात. आणि सगळ्यात जास्त उसनी कार्डं याच वयात फिरतात, कॉलेजमधे सीनिअरचं लायसन्स म्हणजे लायब्ररीचं पुस्तक झालंय, या हातातून त्या हातात. आपण घरी मुलगा अठराचा झाला की गाडीच्या लायसन्सचं बोलतो, मतदार यादीचं बोलतो, पण आजपासून तुझ्या अंगावरचं कायद्याचं पांघरूण काढलंय हे कोण सांगतं? मी तरी नव्हतं सांगितलं. त्याच्या वाढदिवसाला घड्याळ दिलं होतं.

आणि एफआयआर झाली असती तर शिक्षेपेक्षा कागदांनीच जीव खाल्ला असता. पासपोर्टच्या फॉर्मवर विचारतात केस आहे का, पोलीस व्हेरिफिकेशन असतं. बंड्याला एमएससाठी अमेरिकेला जायचंय, तिथल्या व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्मवर सरळ प्रश्न आहे, कधी अटक झाली होती का. दोष सिद्ध झाला का नाही ही पुढची गोष्ट, आधी अटक. एका बीअरसाठी. ती पण मिळालीच नाही.

यात भावाचं काय झालं ते कोणी विचारतच नाही. तो एका कंपनीत आहे, नुकतीच जॉब बदलायची बोलणी चाललेली, म्हणजे बॅकग्राउंड चेक. शनिवारी दुपारी चार वाजता त्या बंद क्लबच्या दारात जाऊन उभा राहिला, सही केली, आधार दाखवलं, आणि मॅनेजरने त्याला विचारलं, "तुम्ही दिलं का त्याने चोरलं?" आता बघा कसा प्रश्न आहे. दिलं म्हणावं तर स्वतः मदत केली, चोरलं म्हणावं तर भाऊ चोर. तो म्हणाला, माझ्या पाकिटातून पडलं असेल. घरी आल्यावर बंड्याशी दोन आठवडे बोलला नाही. मला तर वाटतं यात सगळ्यात जास्त तोच घाबरला, आणि चूक पण त्याचीच जास्त, सव्वीस वर्षांचा घोडा.

मी फार साळसूद आहे असं नाही. आमच्या वेळी कुठल्याही परमिट रूममधे मिसरूड फुटलेलं दिसलं की टेबल मिळायचं, वेटर फक्त चखना कोणता विचारायचा. आणि परमिट रूम हे नाव ज्या परमिटवरून पडलं ते परमिट मी आयुष्यात काढलेलं नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून चालू आहे, प्यायला रीतसर परवाना लागतो, एक दिवसाचा पाच रुपयात मिळतो. म्हणजे त्या रात्री मी कारमधे बंड्याला कायदा शिकवत होतो तेव्हा आत एकच गुन्हेगार बसला होता असं नाही. हे त्याला सांगितलं नाही, पण तो हे वाचणार आहे, तर घे, कळलं तुला.

ताईला आम्ही सांगितलं नव्हतं. पण भाऊ-भाऊ बोलत नाहीत हे काकूच्या लक्षात आलं, तिने पोराला खोदून खोदून विचारलं आणि शेवटी सगळं बाहेर आलं. ताई माझ्यावर चिडली, अजून नीट बोलत नाहीये. काकू मात्र अजिबात चिडली नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, लायसन्स, बाउन्सर, रजिस्टर, आणि म्हणाली, "तरी मी सांगत होते, मीनेला साडेसाती आहे."

बंड्याची रास कुंभ आहे. तिलाही आहे म्हणे.