इनबॉक्समधला कचरा आणि बार्शीचे नावबंधू

जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांना मिळून गूगल १५ जीबी जागा फुकट देतं. ती भरत आली की आधी नुसती सूचना दिसते. तिच्याकडे काणाडोळा केला की पुढे मेल येणंच थांबतं आणि पाठवणाऱ्याला तो परत जातो. माझ्याकडून परत गेला तो आमच्या सीएंचा, तोही जुलैत, रिटर्न भरायच्या गडबडीत. "पत्ता बदललात का?" म्हणून त्यांनी फोन केला. महिन्याला पैसे मोजून जागा वाढवता येते, पण कचरा ठेवायला भाडं भरायचं हे काही मला पटेना. मग बसलो आवरायला.

सर्चच्या पट्टीत इंग्रजीत 'अनसबस्क्राइब', म्हणजे 'यादीतून माझं नाव काढा', एवढाच शब्द टाकला. जाहिरातीच्या बहुतेक मेलच्या तळाशी तो असतोच, त्यामुळे सगळी जत्रा एका जागी गोळा झाली. सराफ, चपलांची दुकानं, विमानाची तिकिटं, नोकरीच्या साइट्स, आणि एकदा सॅम्पल फ्लॅट बघायला गेलो होतो त्या बिल्डरचे सणावारी शुभेच्छा देणारे मेल. या शब्दावर बँकेची पत्रंही सापडतात, म्हणून सरसकट न उडवता एकेक पाठवणारा घेऊन उडवायचं. वरच्या चौकोनात टिक केली की फक्त त्या पानावरचे मेल निवडले जातात. बाकीचे निवडायची ओळ वर बारीक अक्षरांत येते, ती दाबावी लागते. शिवाय उडवलेले मेल ट्रॅशमध्ये ३० दिवस पडून असतात आणि तोवर जागा अडवतात. तेही रिकामं करायचं. खरं सांगायचं तर जाहिराती जागा फार खात नाहीत. जागा खाल्ली होती नातेवाइकांच्या लग्नाच्या फोटोंनी आणि स्कॅन केलेल्या सातबाऱ्यांनी. जाहिराती खातात ते डोकं.

नुसतं उडवून भागत नाही, नळ बंद करायला हवा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने ठोक मेल पाठवणाऱ्यांवर बंधन घातलंय. गूगलच्या हिशेबात दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणारे त्यात येतात. त्यांनी एका क्लिकमध्ये बाहेर पडायची सोय द्यायची आणि दोन दिवसांत ती अमलात आणायची. त्यामुळे पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जीमेल स्वतःच ते बटण दाखवतं. मोठ्या कंपन्यांचे मेल त्याने खरोखर थांबले. गंमत असते ती छोट्यांची. एकाने बाहेर पडण्यासाठी आधी लॉगिन करायला सांगितलं, दुसऱ्याने का जाताय म्हणून प्रश्नावली पुढे केली. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात लिहिलंय की संमती देणं जितकं सोपं, साधारण तितकंच ती काढून घेणंही सोपं हवं. इथे मेल चालू करायला नुसता पत्ता पुरला होता, बंद करायला पासवर्ड हवा! अशांना मी सरळ स्पॅममध्ये ढकललं. १९०९ वर डीएनडी लावून एसएमएस आणि फोन आवरता येतात, पण मेलला ते लागू नाही.

भामट्यांच्या मेलना मात्र 'अनसबस्क्राइब' दाबायचं नाही. दाबलं की पत्ता जिवंत आहे, माणूस मेल उघडून वाचतो, एवढं त्यांना कळतं आणि त्या पत्त्याचा भाव वाढतो. त्याच जुलैत 'आयकर विभाग' नावाने मेल आला: तुमचा रिफंड अडकलाय, इथे क्लिक करा. नाव झकास, पण नावावर टिचकी मारली तर मागचा पत्ता कुठल्यातरी परदेशी फर्निचरवाल्याचा. रिफंड हा पोर्टलवर आधीच पडताळलेल्या बँक खात्यातच जमा होतो, त्यासाठी कुणाच्या लिंकवर जाऊन कार्डाचा नंबर द्यावा लागत नाही. तो मेल आयकर विभागाने त्यासाठी दिलेल्या पत्त्यावर आणि सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला पुढे पाठवला, मग 'फिशिंग' म्हणून नोंदवला आणि विषय संपवला.

खरा वेळ खाल्ला तो तिसऱ्या प्रकाराने. हे मेल अस्सल, फक्त माझे नाहीत.

माझं नाव-आडनाव इतकं सर्रास आहे की एसटी स्टँडवर हाक मारली तर तिघं तरी वळून बघतील. जीमेल नवं होतं तेव्हा ते जसंच्या तसं मला मिळालं, आकडा-बिकडा न लावता. त्याची किंमत आता मोजतोय. माझ्यानंतर आलेल्या नावबंधूंनी पुढे आकडे लावले, आणि दुकानात पत्ता सांगताना ते आकडे गळतात. काहींना वाटतं मध्ये डॉट दिला की पत्ता वेगळा झाला. जीमेल डॉट मोजतच नाही, तो मेलही माझ्याकडेच येतो. एकाच्या रेल्वे तिकिटावरून मला त्याचा साइड अपर ठाऊक आहे.

सगळ्यात जास्त डाक बार्शीच्या एका गृहस्थांची. यांची बँक आणि माझी बँक एकच. त्यांचे मेल स्पॅम म्हटले तर उद्या माझंच स्टेटमेंट स्पॅममध्ये जायचं. म्हणून फिल्टर लावला: मेलमध्ये त्यांच्या खात्याचे शेवटचे आकडे दिसले तर इनबॉक्समध्ये आणूच नकोस. हे आकडे त्यांच्या आधी बँक छापते त्या एक्स-एक्ससकट टाकायचे, कारण जीमेल अर्धा शब्द शोधत नाही. नुसते चार आकडे टाकून फिल्टर ढिम्म हलला नव्हता.

मग त्यांच्या मोटरसायकलच्या सर्व्हिसिंगचं बिल आलं. ऑइल बदललं, चेन टाइट केली, मागचे ब्रेक लायनर नवे. वर मोबाइल नंबर. लावला फोन.

"नमस्कार, मी तुमच्याच नावाचा बोलतोय, पुण्याहून."

"ओटीपी-बिटीपी काय मिळणार नाही हां साहेब."

"अहो, तुमचे ओटीपी मलाच येतायत!"

पलीकडे जरा वेळ शांतता. पटावं म्हणून ब्रेक लायनरचं सांगितलं, तेव्हा कुठे हसले. "शेवटचा आकडा राहिला बघा. पोरानं काढून दिलेला पत्ता, कोण ध्यानात ठेवतंय." बँकेत जाऊन दुरुस्त करतो म्हणाले आणि खरंच केलं.

राहिली त्यांच्या मुलाची शाळा. तिथून सगळ्या पालकांना एकत्र मेल जातो आणि निम्मे पालक 'रिप्लाय ऑल' करून "ओके मॅडम" कळवतात. मी शाळेला लिहिलं, उत्तर आलं नाही. ब्लॉक करायला मन होईना, न जाणो कधी काही तातडीचं असायचं. शेवटी शाळेच्या पत्त्यावरून आलेलं सगळं परस्पर त्यांना पाठवणारा फिल्टर केला. त्यासाठी गूगल आधी समोरच्याला मेल पाठवून त्याची परवानगी घेतं. संध्याकाळी त्यांचाच फोन आला.

"साहेब, गूगलचा मेल आलाय. दाबा म्हणतोय. तुम्हीच पाठवलाय ना? का फ्रॉड आहे?"

मी त्यांना आधी पाठवणाऱ्याचा पत्ता मोठ्याने वाचायला लावला, आणि मगच दाबा म्हटलं.